देवीचा उजवा

प्रिय आक्का,

तू गेलीस त्याला वर्ष झालं आणि तुला पत्र लिहायची बुद्धी मला आत्ता झाली! तू होतीस तेव्हा कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. फोन होता ना. तोही तूच करायचीस, आणि मी 'हं, बोल' म्हणत वह्या तपासत बसायचो.

मेलेल्या माणसाला पत्र पोचत नाही, असं मी मानतो. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस दुसरं काय मानणार? तरी लिहितोय. हस की! सुनंदा दोनदा डोकावून गेली. 'एवढं कुणाला लिहिताय?' म्हणाली. म्हटलं, 'आक्काला.' ती पंखा वाढवून आत गेली. बायकोला वाटलं असणार, ऊन लागलं ह्यांना.

आक्का, मी तुला एक खोटं सांगितलं. मुद्दाम नाही गं. मला ते शंभर टक्के खरं वाटत होतं, म्हणून तावातावानं सांगितलं, तुझ्या तोंडावर सांगितलं. आणि गेल्या मंगळवारी कळलं की ते तसं नव्हतंच. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. फळ्यावर एक लिहितो आणि तोंडानं दुसरंच बोलतो. परवा नववीतली पोरगी म्हणाली, 'सर, तुम्हाला बरं नाही का?' काय सांगणार तिला?

ज्याला सांगायला पाहिजे ते माणूस तू. म्हणून हे पत्र. तुला सगळं ठाऊक आहे, पण मला एकदा ओळीनं मांडू दे. मास्तराची सवय.

साडेबारा वर्षांपूर्वी तुझ्या छातीत गाठ आली. तीन महिने तू ती पदराखाली दडवलीस. शेवटी रेखानं, तुझ्या लेकीनं, मला फोन केला. 'मामा, आई ऐकंना. तुमीच या.' मी तुला सोलापूरला आणलं, डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, लगेच ऑपरेशन करू, थांबू नका. आणि तू काय म्हणालीस? 'देवीला विचारल्याबिगर अंगाला सुरी लावून घ्यायची न्हाय.' पिशवी उचललीस आणि दुपारच्या एसटीनं परत गेलीस! मी स्टँडवर उभा राहून तुझ्या गाडीला शिव्या घातल्या. गाडीचा काय दोष होता?

तुझी देवी म्हणजे तुमच्या गावची तळ्यावरची आई. मैंदर्गीच्या अलीकडं फाट्यावर उतरायचं आणि अर्धा मैल चालायचं. दर मंगळवारी तिथं कौल लावतात. शेवंतीच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवायच्या, देवीच्या दोन खांद्यांवर एकेक चिकटवायची आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार. डावी पडली तर नकार. तू पहिल्या मंगळवारी लावलास, डावा आला. दुसऱ्या मंगळवारी लावलास, पुन्हा डावा. आणि तू घरात शांत बसून राहिलीस, जसं काही देवीनंच डॉक्टरकीची परीक्षा पास केलीय!

तिसऱ्या मंगळवारी मी रजा टाकून आलो. तू दारातच बसली होतीस. 'बा तम्मा, कुंद्रु,' म्हणालीस. ये, बस. लग्न होऊन त्या गावी गेलीस आणि कानडी शिकलीस, तेव्हापासून मी तुझा तम्मा झालो. धाकटा भाऊ. आई गेल्यावर मला कडेवर घेऊन वाढवलंस ते बाळू म्हणून, पण नंतर कुणी बाळू म्हटलं तर मला ओळख पटायची नाही.

मी बसलो नाही. उभ्या उभ्या भांडायला लागलो. 'आक्का, देव हाय कशावरून?'

'तू हायस कशावरून?'

'मी समोर दिसतोय की!'

'दिसतोयस. पर कामाला कुटं येतोस?'

रेखा हसली, तू हसलीस, आणि मला हसावं का रडावं कळेना. तुझ्याशी वाद घालायचा म्हणजे हा असा. मी मुद्दा मांडायचो आणि तू त्यावर भाकरी वाढायचीस. सोबत शेंगाचटणी.

मग आपण देवळात गेलो. म्हातारे गुरव तापानं फणफणलेले, त्यांचा हात थरथरत होता. पाकळी बोटांतूनच गळत होती. ते म्हणाले, 'सर, तुमीच लावा की. घरचंच माणूस हायसा.' आक्का, त्या क्षणी माझ्या डोक्यात वीज चमकली. कौल आपल्याच हातात आला होता!

मी गाभाऱ्यात शिरलो. एक पाकळी पाण्यात चांगली बुडवून डाव्या हाताकडच्या खांद्याला लावली. दुसरी रुमालात दाबून पुसली, नावापुरती ओली ठेवली आणि उजव्या हाताकडच्या खांद्याला जेमतेम टेकवली. पाणी धरून ठेवतं, कोरडं सुटतं. सातवीच्या पोरालाही कळेल. त्या बाजूला समई होती, माझी बाही भाजता भाजता वाचली, म्हणून ते मला इतकं नीट आठवतं. मग मी बाहेर आलो. बायकांची गर्दी होती, मी लांब खांबापाशी उभा राहिलो. गुरव आत काहीतरी पुटपुटत होते. तू उंबऱ्याला डोकं टेकून बसली होतीस.

थोड्या वेळानं आतून आवाज आला. 'उजवा! उजवा दिला आईनं!'

तू रडलीस. सगळ्या बायका तुझ्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. आणि मी खांबापाशी उभा राहून मनात म्हटलं, देवीनं नाही, पाण्यानं दिला. मी दिला.

चौथ्या दिवशी ऑपरेशन झालं. तू वाचलीस. अकरा वर्षं ठणठणीत! दोन्ही हातांनी धुणं बडवलंस, शेतात खुरपलंस, रेखाचं बाळंतपण केलंस. दर नवरात्रात माझ्याकडं ओटीचा नारळ पाठवायचीस. 'देवीनं वाचवलं त्याचा परसाद हाय, टाकू नगंस.' मी देवीला मानत नव्हतो. खोबरं मात्र खायचो.

अकरा वर्षं तू ती गोष्ट गावभर सांगितलीस. तुझा शब्द होता प्रचिती. 'मला प्रचिती आली, बाई.' आणि अकरा वर्षं तीच गोष्ट मी वर्गात सांगितली. माझा शब्द होता पुरावा. 'एका बाईच्या भावानं कौल कसा दिला, ऐका.' तुझं नाव घेत नव्हतो, माझंही नाही. पोरं टाळ्या वाजवायची. एकच पाकळी, आक्का! ती तुझ्याकडं देवाची साक्ष द्यायची आणि माझ्याकडं देवाच्या विरुद्ध.

मी तुला तेव्हाच का सांगितलं नाही? आधी वाटलं, बरी होऊ दे. मग वाटलं, बरी झालीय, कशाला? खरं सांगू का, ते गुपित माझ्याकडं आहे ह्याची मला मजा वाटायची. तू देवीचं कौतुक सांगायला लागलीस की मी गालातल्या गालात हसायचो. असला भाऊ.

मग ते दुखणं परत आलं.

आणि तू परत मंगळवार धरलास. डावा. डावा. तिसऱ्या वेळी एकही पाकळी पडेना, दिवस मावळला. रेखाचा फोन आला तसा मी निघालो. सोलापुरातनं निघाल्यापासून, अक्कलकोटला गाडी बदलताना, सगळ्या वाटेनं माझं डोकं भणभणत होतं. तुझ्या पडवीत आलो, चपलाही काढल्या नाहीत.

'ऊठ. आत्ता चल. डॉक्टर वाट बघायलेत.'

'म्होरल्या मंगळवारी एकदा लावते आन येते. मागल्या वक्ताला बी तिसऱ्यांदाच दिला की तिनं. तूच हुतास की.'

आणि माझा तोल गेला. 'तिनं दिला न्हाई! मी दिला! पाकळी पुसून मी लावली. देवी न्हाई, काही न्हाई, माझा रुमाल होता तो! अकरा वर्षं माझ्या रुमालाची पूजा करायलीस तू!'

काय बोललो मी! रेखा चुलीपुढं भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. तू माझ्याकडं बघत राहिलीस. रागानं नाही. पोराच्या अंगात ताप आहे का, असं बघतात तशी.

मग तू विचारलंस, 'मग ती अकरा वर्सं कुणाची रं?'

मी म्हटलं, 'डॉक्टरांची. औषधाची.'

'बरं,' म्हणालीस. थोड्या वेळानं म्हणालीस, 'उद्याची गाडी किती वाजता हाय?'

तू आलीस. उपचार घेतलेस. केस गेले, तोंडाची चव गेली, कधी तक्रार केली नाहीस. मधल्या काळात आठ आठ दिवस गावी जाऊन यायचीस. पाच महिन्यांनी गेलीस. पण त्या दिवसानंतर माझ्यासमोर तू देवीचं नाव एकदाही घेतलं नाहीस. सुनंदानं अंगारा आणला तर 'ठेव तितं' म्हणालीस. एकदाही वाद घातला नाहीस. मी मुद्दाम खोडी काढली तरी नाही!

आणि मला काय वाटलं ठाऊक आहे? जिंकल्यासारखं वाटलं. पहिले काही दिवस खरंच तसं वाटलं, आक्का. आता लाज वाटते. नंतर नंतर तुझं ते गप्प बसणं बघवत नव्हतं. मनात यायचं, विचारावं, आक्का, रागावलीस का? जिभेवर यायचं आणि मी औषधाची वेळ विचारायचो. स्वतःची समजूत घालायचो की कडू असलं तरी खरं सांगितलं. खरं सांगण्यात पाप नसतं.

खरं!

गेल्या मंगळवारी तुझं वर्षश्राद्ध झालं. जेवणं आटोपल्यावर रेखा म्हणाली, 'मामा, आईच्या नावानं देवीची ओटी भरायची हाय, चला की.' गेलो. नाही म्हणायला तोंड नव्हतं. म्हातारे गुरव जाऊन चार वर्षं झाली, आता त्यांचा मुलगा बघतो, शिवा. गर्दी नव्हती. एक आजोबा बोअर मारायची का नको म्हणून कौल लावून बसले होते. मी दारातच होतो, सगळं समोर दिसत होतं. बघता बघता माझ्या उजव्या हाताकडची पाकळी सुटली आणि खाली पडली.

मनात म्हटलं, चला, म्हाताऱ्याला बरं वाटेल. मोठ्यानं म्हणालो, 'घ्या आजोबा! उजवा मिळाला! मारा बोअर!'

शिवा म्हणाला, 'डावा हाय, सर.'

'अरे हा काय उजवा! ह्या बाजूची पडली की.'

'ती तुमची उजवी बाजू, सर. कौल देवीच्या उजव्यानं बघत्यात. ती आपल्याकडं तोंड करून बसलीया न्हवं? तिचा उजवा तिकडं.'

सगळे हसले. आजोबा तर पोट धरून हसले. 'सरांचं ऐकलं असतं तर बोअर कोरडीच गेली असती की!' रेखाही हसत होती. मग तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तिचं हसू थांबलं.

मी शिवाला विचारलं, 'आधीपासून असंच?'

'माझ्या आज्यापासनं असंच. देवी उजव्या हातानं देती म्हणत्यात, मग ती तिच्याच उजव्यानं देणार की. तुमच्या कुटनं देईल?'

'तुझे वडीलही असंच बघायचे?'

'त्यांनीच शिकवलं मला.'

मी पायरीवर बसलो. आक्का, कळतंय का तुला? मी पुसलेली पाकळी माझ्या उजव्या हाताकडं लावली होती. म्हणजे देवीच्या डाव्या खांद्याला! माझी युक्ती चालली असती तर डावा पडला असता. तिसऱ्यांदा नकार. तू घरी गेली असतीस, गाठ वाढली असती, ती अकरा वर्षं झालीच नसती. माझ्या हुशारीनं मी तुला मारायलाच निघालो होतो. आणि तरीही उजवा आला.

मी! जो दर वर्षी आरशाचा धडा शिकवतो, आरशात उजव्याचं डावं कसं होतं म्हणून पोरांना नाचवतो! कवायतीला पोरांसमोर उभा राहून 'उजवा हात वर' म्हणतो तेव्हा स्वतः डावा हात वर करतो, म्हणजे समोरच्यांना नीट दिसावं. तीस वर्षं करतोय. समोरच्याचा उजवा वेगळा असतो हे माझ्या हाताला ठाऊक होतं. देवीसमोर गेलो तेव्हा विसरलो. का विसरलो? कारण ती समोर कुणी आहे असं मला वाटतच नव्हतं. दगडाला कुठला आलाय उजवा-डावा!

घरी आलो आणि प्रयोग सुरू केले. दुसरं काय करणार? परसात कडाप्पा पडला होता, तो उभा केला, तेल लावलं, शेंदूर लावला. बाजारातून शेवंती आणली. एक पाकळी भिजवलेली, एक पुसलेली. लाव, बघ. लाव, बघ. सुनंदा म्हणाली, 'देव मानत नाही म्हणता आणि परसात देऊळ काढलंय!' मी तिच्यावर खेकसलो. बिचारी गेली.

आणि काय निघालं? कधी पुसलेली आधी पडते, कधी भिजवलेली. जास्त पाण्यानं पाकळी जड होते आणि घसरते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वारा आला की वेगळं, ऊन आलं की वेगळं. म्हणजे त्या दिवशी ओली पाकळी आपल्याच वजनानं पडली असेल, होऊ शकतं. किंवा म्हाताऱ्या गुरवांनी डावी पडलेली बघितली आणि तुझ्याकडं बघून उजवी म्हणाले, तेही होऊ शकतं. चांगला माणूस होता. किंवा.

त्या 'किंवा'च्या पुढं मला लिहिता येत नाही. लेखणी थांबते. चिडतो मी स्वतःवर. मग आता काय, देव मानायचा? एका पाकळीवरून? एका पाकळीवरून काही सिद्ध होत नाही, आक्का, हे मी आजही छातीठोक सांगेन. पण मग माझंही सिद्ध झालं नव्हतं ना! मी पाकळी पडताना बघितली का? नाही. कुठली पडली विचारलं का? नाही. लांब खांबापाशी उभा राहून, तापलेल्या म्हाताऱ्याचा आवाज ऐकून, मला जे पाहिजे होतं ते मी मानलं. आणि अकरा वर्षं त्याला पुरावा म्हणून पोरांच्या गळी उतरवलं. तुझ्या मानण्याला मी अंधश्रद्धा म्हणायचो. माझ्या मानण्याला काय म्हणू, तूच सांग.

आणि ते हत्यार घेऊन तुझ्यावर धावलो. आजारी बाईवर. शेवटच्या पाच महिन्यांत तुझ्याजवळ जे होतं ते काढून घेतलं, आणि त्या जागी काय ठेवलं? चूक. उजव्या-डाव्याची चूक!

तुला उपचाराला आणायला दुसरं काही बोलता आलं नसतं का मला? पाया पडलो असतो तर आली असतीस. रडलो असतो तर आली असतीस. मला जिंकायचं होतं गं.

*

मधे दोन दिवस हे पत्र तसंच पडून होतं. आज सकाळी मी रेखाला फोन केला. तिला सगळं सांगितलं, समई, बाही, खांदा, सगळं. म्हटलं, 'रेखा, मी तुझ्या आईची श्रद्धा मोडली आणि ती खोट्यावर मोडली. ती काही न मानता गेली माझ्यामुळं.'

रेखानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'मामा, काही न मानता गेली असं कुणी सांगितलं तुमाला?'

मला वाटलं, आता सांगेल की तू चोरून देवीला जात होतीस. मला बरंही वाटलं असतं. पण ती वेगळंच बोलली. ती म्हणाली, मधल्या काळात तू गावी यायचीस तेव्हा मंगळवारी देवळात जायचीस, पण कौल लावायची नाहीस. नुसती बायकांत बसायचीस. त्या म्हणायच्या, 'अगं, लाव की एकदा. मागं तुला प्रचिती आलीया.' आणि तू म्हणायचीस, 'मागला कौल देवीचा नव्हताच. माझ्या तम्मानं दिला तो. देवाला न मानणारा माणूस, पर माझ्यापायी देवीच्या अंगाला हात लावला त्यानं. आता मला आनिक काय इचारायचं हाय?'

अभिमानानं सांगायचीस म्हणे. सगळ्यांना. डोक्याला पदर गुंडाळलेला, अंगात त्राण नाही, आणि सांगायचीस. 'मग आईनं तुमाला सांगितलं न्हाय?' रेखा विचारत होती. 'मला वाटलं, तुमाला ठाऊक हाय.'

मला काही ठाऊक नव्हतं, रेखा. मी औषधाची वेळ विचारत होतो.

आक्का, हे काय करून ठेवलंस तू! मी समजत होतो, तू रुसलीस. मी समजत होतो, मी तुला रिकामं केलं. आणि तू देवीला बाजूला करून त्या जागी मला बसवलंस? मला? माझी लायकी काय? देवीला तरी दर मंगळवारी परीक्षा द्यायला लावायचीस. उजवा का डावा, आज देती का उद्या. मला नाही लावलीस. 'तू डोळ्यानं बघितलंस का रं पाकळी पडताना?' एवढं एकदा विचारलं असतंस तर तिथल्या तिथं माझी पोलखोल झाली असती. नाही विचारलंस. मी म्हटलं आणि तू मानलंस.

फोन ठेवला आणि मी वह्यांच्या ढिगाऱ्यापुढं बसून ओक्साबोक्शी रडलो. साठीला आलेला माणूस. सुनंदा आली, पाण्याचा तांब्या ठेवला, शेजारी बसून राहिली.

आता मला राहवत नाही. तू जे गावभर सांगितलंस तेही खोटंच आहे, आणि ते माझ्यामुळं आहे. त्या बायका अजून देवळात बसतात. अजून म्हणत असतील, तिच्या भावानं कौल दिला. नववीची पोरं अजून टाळ्या वाजवतील. हे असं ठेवून मला बसवत नाही.

म्हणून तुला शब्द देतो. येत्या मंगळवारी मी गावी जातो. त्या बायकांसमोर उभा राहून सांगतो की तो कौल मी दिला नव्हता, माझी पाकळी चुकली होती. हसतील. हसू देत. मग कुणीतरी विचारेलच, 'मग सर, दिला कुणी?' देवी नाही असं मला म्हणता येणार नाही. देवी आहे असंही म्हणता येणार नाही, ते तुझ्यासमोरही खोटं म्हणणार नाही. तीस वर्षांत कुठल्या वर्गात म्हटलं नाही ते म्हणेन. मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत पोरांनाही तेच सांगेन.

फक्त एक गोष्ट मी त्या बायकांना दुरुस्त करून सांगणार नाही. तुझ्यापायी देवीच्या अंगाला हात लावला, हे तू म्हणालीस ते खरं होतं. खांदा चुकला, डोकं चुकलं, जीभ तर चुकलीच. पण तो हात तुझ्यासाठीच होता, आक्का. ह्याचा माझ्याकडं काहीही पुरावा नाही. तू मानलं होतंस तसंच मान.

तुझा,
तम्मा